अर्धशिशी : दुखण्याची ओळख आणि घरातील उपचार

ताप आला तर तो मोजता येतो. जखम झाली तर दाखवता येते. हाड मोडले तर ते क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. अर्धशिशीने पछाडलेल्या माणसाजवळ मात्र दाखवण्यासारखे काहीही नसते. म्हणूनच या दुखण्याच्या वाट्याला उपचारापेक्षा संशय अधिक येतो. आई दुपारभर अंधाऱ्या खोलीत पडून राहिली, तर 'कामाचा कंटाळा' म्हणून तिची बोळवण होते. वर्गात एखादी मुलगी डोके धरून बसली, तर 'गृहपाठ केला नसेल' असे अनुमान निघते. रोजंदारीवर जाणारी स्त्री तर कोणाला सांगतच नाही. सांगितले तर दिवसाची मजुरी बुडते. ती दुकानातून एक गोळी आणते, पाण्याबरोबर गिळते आणि उन्हात उभी राहते.

या लेखात आम्हास तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. हे दुखणे खरे आहे. त्याचे बहुतेक झटके घरच्या घरी सौम्य करता येतात. आणि काही डोकेदुखी अशा असतात की, त्या घरी ठेवून चालत नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, वैद्यकाचे नव्हे. त्यामुळे येथे वैद्यकशास्त्रात सर्वमान्य झालेल्या गोष्टीच तेवढ्या मांडल्या आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही, याचे भान वाचकांनी ठेवावे.

नाव जुने, दुखणे जुने

'अर्धशिशी' म्हणजे अर्ध्या शिराचे दुखणे. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत 'अर्धावभेदक' नावाचा एक रोग आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने याच दुखण्याला 'हेमिक्रेनिया' म्हटले. त्याचाही अर्थ अर्धी कवटी असाच होतो. हाच शब्द झिजत झिजत फ्रेंच भाषेत 'मिग्रेन' झाला आणि तेथून इंग्रजीत गेला. हजारो मैलांचे अंतर असलेल्या दोन संस्कृतींनी एकाच लक्षणावरून एकाच अर्थाचे नाव ठेवावे, ही गोष्ट बोलकी आहे. अर्धशिशी हे आजच्या धकाधकीच्या जीवनाने निर्माण केलेले खूळ नव्हे.

पाली विनयपिटकातील महावग्गातही डोकेदुखीचे दोन प्रसंग येतात. स्थविर पिलिंदवच्छ यांच्या डोक्याला ताप होत असे. भगवंतांनी प्रथम डोक्याला तेल लावण्याची अनुज्ञा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा नाकावाटे औषध घेण्याची दिली. त्यानेही भागेना, तेव्हा औषधी धूर घेण्याची दिली. दुसरा प्रसंग जीवक कोमारभच्च या वैद्याचा आहे. साकेत नगरातील एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे शिरोरोगाने आजारी होती. थोर थोर वैद्य पुष्कळ सोने घेऊन गेले, पण गुण आला नाही. तो जीवकाच्या औषधाने आला. त्या काळचे उपचार आज जसेच्या तसे करावेत, असे आमचे म्हणणे नाही. नाकात तूप किंवा तेल ओतण्याचा प्रयोग घरी करू नये, ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. घेण्यासारखी आहे ती पद्धत. दुखणाऱ्याचे म्हणणे खरे मानावे, उपाय करावा, परिणाम पाहावा आणि गुण न आल्यास पुढचा उपाय शोधावा.

ओळखावी कशी

प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. ताणामुळे होणाऱ्या साध्या डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, पण माणूस आपले काम करू शकतो. अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. दुखणे बहुधा एका बाजूला असते, नाडीच्या ठोक्यागणिक ठणकते, मध्यम ते तीव्र असते आणि जिना चढल्याने किंवा घागर उचलल्याने वाढते. या चारांपैकी किमान दोन लक्षणे असावी लागतात. त्यांच्या जोडीला मळमळ वा उलटी तरी असते, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होतात. असे किमान पाच झटके येऊन गेले आणि दुसरे कारण सापडले नाही, म्हणजे डॉक्टर त्यास अर्धशिशी म्हणतात. नाव 'अर्ध' असले तरी पुष्कळांचे संपूर्ण डोके दुखते, हेही ध्यानात ठेवावे.

झटका अकस्मात आला असे वाटते, पण त्याच्या काही तास किंवा एक दिवस आधी शरीर सूचना देत असते. वारंवार जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खाण्याची वासना होते. काही जणांना दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, दृष्टीचा काही भाग पुसल्यासारखा होतो किंवा हाताला व ओठांना मुंग्या येतात. हे साधारणपणे पाच मिनिटे ते एक तास चालते. पूर्वी काही ठिकाणी यालाच 'बाहेरचे' समजून देवऋषीकडे नेत. वास्तविक ही मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकत जाणारी विद्युत-रासायनिक लाट असते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआओ यांनी १९४४ साली अशा लाटेचे प्रथम वर्णन केले. झटका ओसरल्यावरही एखादा दिवस अंगात त्राण नसते आणि मन सुन्न राहते. दुखणे थांबले म्हणजे माणूस लगेच कामाला जुंपावा, असे नसते.

जगात सुमारे शंभर कोटी माणसांना अर्धशिशीचा त्रास आहे. वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांत तो जवळजवळ सारखा आढळतो. पुढे स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने वाढते. पाळीच्या सुमारास शरीरातील इस्ट्रोजेन घटते, हे त्याचे एक मोठे कारण आहे. हे दुखणे घराण्यातही चालते. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता अधिक असते. कवटीच्या आतील आवरणांना चेतना पुरवणारी मज्जातंतूंची व्यवस्था अशा माणसांत जन्मतःच हळवी असते. ती चेतवली गेली की काही रसायने पाझरतात आणि वेदना सुरू होते. या यंत्रणेत मनाचा दुबळेपणा कोठेही येत नाही.

झटका आल्यावर काय करावे

पहिला नियम वेळेचा आहे. दुखणे सौम्य असतानाच उपाय केला तर तो लागू पडतो. झटका भरात आल्यावर जठराचे काम मंदावते, गोळी पोटात पडून राहते आणि रक्तात लवकर पोहोचत नाही. 'आधी स्वयंपाक आटोपते, मग गोळी घेते' या आपल्या माउलींच्या सवयीने झटका लांबतो.

अंधाऱ्या, शांत, हवेशीर जागेत आडवे व्हावे. एकाच खोलीचे घर असेल तर डोळ्यांवर जाड फडके टाकावे, दूरदर्शन संच बंद ठेवावा आणि मुलांना तासभर शेजारी धाडावे. कपाळावर व मानेच्या मागे गार पाण्याची घडी ठेवावी. बर्फ असल्यास तो फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा. काहींना मानेला कोमट शेक अधिक बरा वाटतो, ज्याला जे मानवेल ते करावे. डोक्याला फडके घट्ट बांधण्याची आपल्या आजीची रीतही अनेकांना आराम देते आणि तिच्यात अपाय नाही. पाणी थोडे थोडे प्यावे. उलट्या होत असतील तर जलसंजीवनी घोटाघोटाने द्यावी. आल्याचा काढा मळमळीवर उपयोगी पडतो. आरंभीच एक कप चहा वा कॉफी घेतल्याने काहींना उतार पडतो, पण दिवसभर चहाचा मारा करू नये. झोप लागली तर लागू द्यावी. विशेषतः मुलांचा झटका झोपेनेच पुष्कळदा संपतो.

गोळ्यांचा हिशेब

घरात ठेवण्याजोगे सर्वांत साधे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. प्रौढ माणसाने एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम घ्यावे. दोन वेळांत किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा कदापि ओलांडू नये. यकृताचा आजार असणाऱ्यांनी, नित्य मद्यपान करणाऱ्यांनी व अंगाने फार कृश असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन अधिक प्रभावी ठरते. परंतु ते उपाशीपोटी घेऊ नये. जठरव्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, दमा व गर्भावस्था असताना ते डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नये. पावसाळ्यात तापासह डोके दुखत असेल तर तो डेंग्यू असू शकतो. अशा वेळी आयबुप्रोफेन व अ‍ॅस्पिरीन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. १६ वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरीन देऊच नये.

अर्गोटामीन असलेल्या गोळ्यांबाबत इतिहासाचा एक दाखला द्यावासा वाटतो. मध्ययुगीन युरोपात राय नावाच्या धान्यावर एक बुरशी वाढत असे. ते धान्य खाल्लेल्या लोकांची हातापायांची बोटे काळी पडून गळत, अंगाची आग होई. त्या रोगाला 'सेंट अँथनीचा अग्नी' म्हणत. आपल्याकडील बाजरीवर पडणारा अरगट याच जातकुळीतला आहे. त्या युरोपीय बुरशीतूनच विसाव्या शतकाच्या आरंभी अर्गोटामीन वेगळे करण्यात आले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. योग्य मात्रेत ते औषध आहे, पण अतिरेक झाल्यास हातापायांचा रक्तपुरवठा तोडू शकते. गर्भवतींनी आणि हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी ते घेऊ नये. तरीही डोकेदुखीची गोळी म्हणून शेजाऱ्यांकडून मागून ते घेतले जाते. ही प्रथा थांबली पाहिजे. १९९० च्या दशकापासून ट्रिप्टान वर्गातील औषधे प्रचारात आली. तीही हृदयविकार नसल्याची खात्री करून डॉक्टरांनीच द्यावयाची असतात. अर्गोटामीन व ट्रिप्टान एकाच दिवशी घेणे धोक्याचे असते.

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस घेतली, अथवा अर्गोटामीन, ट्रिप्टान वा अनेक औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस घेतली आणि असे काही महिने चालू राहिले, तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. माणसाला वाटते, आजार वाढला. तो आणखी गोळ्या घेतो आणि दुखणे आणखी वाढते. कष्टकरी घरांत हे चक्र सर्रास आढळते, कारण गोळी स्वस्त असते आणि दवाखान्याचा दिवस महाग पडतो. यास्तव आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक गोळी लागत असेल, तर ती न वाढवता डॉक्टरांकडे जावे. झटके वारंवार येणाऱ्यांसाठी रोज घेण्याची प्रतिबंधक औषधे आहेत. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझीन ही त्यांपैकी काही होत. त्यांची निवड दमा, मधुमेह, वजन, गर्भधारणेची शक्यता यांचा विचार करून करावी लागते. त्यांचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पंधरवड्यात कंटाळून ती सोडू नयेत.

झटके कमी व्हावेत म्हणून

अर्धशिशी असलेल्या मेंदूला अनियमितपणा सोसत नाही. जेवण चुकले, झोप कमी झाली, झोप फार झाली, पाणी कमी पडले, कडक ऊन लागले, उग्र अत्तराचा वा उदबत्तीचा वास आला, ध्वनिक्षेपकाचा कर्कश आवाज झाला, पाळी जवळ आली, ही झटक्याची नेहमीची निमित्ते आहेत. आपल्याकडे अनेक स्त्रियांना डोक्यावरून आंघोळ केल्यावर झटका येतो. भारतीय डॉक्टरांनीही या निमित्ताची नोंद केली आहे. अशांनी केस चटकन कोरडे करावेत. कडक उपवास हे आणखी एक मोठे निमित्त आहे. उपवासाने डोके उठते हे दिसत असताना तो रेटणे शहाणपणाचे नव्हे.

प्रत्येकाची निमित्ते वेगळी असतात. ती शोधण्यासाठी शाळेची एक शिल्लक वही पुरते. तारीख, दुखणे किती वाजता सुरू झाले, किती वेळ टिकले, आदल्या दिवशी जेवण व झोप कशी होती, पाळीचा दिवस कोणता, कोणती गोळी घेतली आणि गुण आला का, एवढेच लिहावे. ज्या आईला लिहिता येत नाही, तिच्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलाने खूण करावी. तीन महिन्यांच्या नोंदीतून दुखण्याचा स्वभाव कळतो. डॉक्टरांनाही अशा वहीचा मोठा आधार वाटतो. एकदम सगळे पदार्थ बंद करण्याची गरज नसते. वहीत जे वारंवार सापडेल तेवढेच टाळावे. नियमित चालणे, ठरलेल्या वेळी निजणे आणि सावकाश दीर्घ श्वसन यांनीही झटक्यांची संख्या घटते.

प्रचलित उपायांची पारख

सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा उपाय गावोगाव सांगितला जातो. सकाळी लवकर पोटात काही जावे, एवढा लाभ त्यात संभवतो. तो दूध-भाकरीनेही साधतो आणि मधुमेहींचा धोका टळतो. बाम किंवा सुंठीचा लेप लावल्याने लक्ष दुसरीकडे वळते व थोडा आराम पडतो. लेप डोळ्यांपासून दूर ठेवावा. मंत्र घालणे, गंडा बांधणे, दृष्ट काढणे यांनी झटका उतरल्याचे लोक सांगतात. झटका तसाही एक-दोन दिवसांत आपोआप उतरणारच असतो, त्याचे श्रेय गंड्याला मिळते. कपाळावर डाग देणे मात्र निव्वळ क्रौर्य आहे. त्याने जखम होते, रोग जात नाही. मिश्री लावल्यावर डोके उतरते असे अनेक भगिनी म्हणतात. ती तंबाखूची तल्लफ भागल्याची भावना असते. मिश्री चुकली की पुन्हा डोके उठते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे बीज मात्र पेरले जाते.

आणखी एक गैरसमज खर्चाचा आहे. अर्धशिशीत मेंदूचे सीटी स्कॅन किंवा एमआरआय बहुधा सर्वसाधारणच येते. लक्षणे ठराविक असतील आणि डॉक्टरांच्या तपासणीत दोष नसेल, तर कर्ज काढून हे चित्र काढण्याचे कारण नसते. 'सायनस' म्हणून वर्षानुवर्षे औषधे घेणाऱ्या पुष्कळांना प्रत्यक्षात अर्धशिशीच असते.

मुलांची अर्धशिशी आणि वसतिगृह

मुलांतील झटका कमी वेळाचा, कधी दोन तासांचाही असतो. दुखणे कपाळाच्या दोन्ही बाजूंना असते. काही लहान मुलांचे तर डोके न दुखता पोटच वारंवार दुखते व उलट्या होतात. त्यामुळे मूल खोटे बोलत आहे, असा ग्रह होतो. आम्ही इतकी वर्षे मुलांत वावरलो आहोत. शाळा चुकवण्यासाठी डोके दुखल्याचे सांगणारे मूल खेळाच्या तासाला बरे होते. अर्धशिशीचे मूल खेळही सोडून कोपऱ्यात निजते, एवढा भेद कोणत्याही शिक्षकास पाहता येतो.

निवासी शाळेत काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. परिपाठापूर्वी प्रत्येक मुलाच्या पोटात काही गेलेले असावे. पाण्याची बाटली वर्गात जवळ असू द्यावी. उन्हातली रांग लांबवू नये. परीक्षेच्या काळात दिवे ठरल्या वेळी मालवावेत. वर्षातून एकदा डोळे तपासावेत. चष्मा हा अर्धशिशीचा उपाय नसला, तरी दृष्टिदोषाने ताण वाढतो. प्रवेशाच्या वेळी पालकांनी मुलाचे दुखणे, औषध व मात्रा लिहून अधीक्षकांकडे द्यावी. मुलांची मात्रा वजनावरून ठरते, मोठ्यांची गोळी अर्धी करून देणे योग्य नव्हे. पाळी सुरू झालेल्या मुलीने अशा दिवसांत विश्रांती मागितली, तर तिला चारचौघांत कारण विचारू नये.

दवाखाना केव्हा गाठावा

पुढील लक्षणे असतील तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी. ताप आणि मान ताठ होणे. हातपाय लुळे पडणे, वाचा अडखळणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे किंवा आकडी येणे. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे. अकस्मात दृष्टी जाणे. वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. दिवसेंदिवस वाढत जाणारे किंवा खोकताना, वाकताना उसळणारे दुखणे. गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली तीव्र डोकेदुखी. ती रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते. अशा वेळी तात्काळ रुग्णालय गाठावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. ज्या स्त्रियांना झटक्यापूर्वी चमकत्या रेषा दिसतात, त्यांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना हे अवश्य सांगावे. त्यांच्यात पक्षाघाताचा धोका काहीसा अधिक असतो आणि तंबाखूने तो आणखी वाढतो.

अर्धशिशी समूळ नाहीशी करण्याचे औषध आज नाही. पण झटक्यांची संख्या निम्म्यावर आणता येते आणि आलेला झटका पुष्कळदा लवकर आवरता येतो, हे थोडके नव्हे. पुष्कळांचे दुखणे उतारवयात आपोआप मंदावते. बहुतेक स्त्रियांना पाळी गेल्यावर उतार पडतो. तोवर घरातील माणसांच्या हाती जे आहे, ते फार खर्चाचे नाही. खिडकीवर एक पडदा टाकावा, आवाज थोडा कमी करावा, चुलीजवळचे काम तेवढ्या वेळापुरते दुसऱ्याने उचलावे आणि 'खरेच दुखते का?' हा प्रश्न विचारू नये. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण आज स्वतः आई-वडील झाले आहेत, काही शिक्षक व परिचारिका आहेत. त्यांनी आपापल्या घरी व वस्तीत या दुखण्याची एक वही सुरू करून दिली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.